मोखाड्याचं वर्ष आणि अहवालाचं वर्ष

सप्टेंबर 2016 मध्ये पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातलं खोच हे गाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलं. कुपोषित मुलांचे मृत्यू, मंत्र्यांचा दौरा, गावकऱ्यांचा संताप, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची नोटीस, हे सगळं काही आठवड्यांत घडून गेलं. जाणत्यांना लगेच वावर-वांगणी आठवलं. जव्हार तालुक्यातल्या त्या गावांत 1992-93 साली शंभराहून अधिक मुलं दगावली होती आणि सारं राज्य हादरलं होतं. दोन्ही घटनांच्या मध्ये जवळपास पाव शतक गेलं. त्या काळात या डोंगराळ भागात योजना आल्या, सर्वेक्षणं झाली, देशी-विदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थांनी कार्यालयं थाटली. कामही झालं. मग तेच दुःख पुन्हा त्याच डोंगरात कसं उगवलं?

याचं पहिलं उत्तर शासनाने द्यायचं आहे, यात वाद नाही. पण जी माणसं आंतरराष्ट्रीय संस्थांच्या क्षेत्रीय कार्यालयांत काम करतात, ज्यांच्या टेबलावर एका बाजूला जिनिव्हा-लंडन-न्यूयॉर्कची ई-मेल असते आणि दुसऱ्या बाजूला मोखाड्याच्या पाड्यांची यादी, त्यांनाही आपला वाटा तपासावा लागेल. अशा कार्यालयाची कसोटी मला दोन प्रश्नांत दिसते. ते मोखाड्याचं वर्ष आपल्या मुख्यालयाला मान्य करायला लावतं का? आणि पैशाचा हिशेब जितक्या काळजीने मुख्यालयाला देतं, तितक्याच काळजीने ग्रामसभेला देतं का? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'हो' असेल तर त्या कार्यालयाचं इथे असणं सार्थ आहे. नसेल तर त्याचे सुबक अहवाल कितीही वाढले तरी मोखाड्याच्या पदरात फारसं काही पडणार नाही.

मोखाड्याचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. राबाच्या जागेत भाताची पेरणी, जुलैत आवणी म्हणजे रोपांची लावणी, डोंगरउतारावर नागली आणि वरई. हेच दिवस घरातला दाणा संपण्याचे. कणग्या रिकाम्या, आई-बाप पहाटेपासून चिखलात, ओहोळ भरून वाहतात आणि पाड्याची वाट तुटते. जुलाब, ताप, न्यूमोनिया याच दिवसांत मुलांना गाठतात. भूक, आजार आणि आईचं घराबाहेर असणं या तीन गोष्टी एकाच वेळी येतात आणि काठावरचं मूल खाली घसरतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी होते, थोडे दिवस पोटभर जेवण मिळतं. दिवाळी झाली की भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्या आणि बांधकामं बोलावू लागतात. अनेकांनी उचल आधीच घेतलेली असते. कातकऱ्यांचे तर पाडेच्या पाडे ओस पडतात. 'जगायला चाललो' असं सांगून कुटुंबं चंबूगबाळं आवरून निघतात, होळीला परततात, पुन्हा जातात. मागे राहिलेले मार्चपासून टँकरची वाट पाहतात.

अहवालाचं वर्ष वेगळं असतं. एप्रिलमध्ये ते कागदावर सुरू होतं. करारावर सह्या होऊन पहिला हप्ता यायला जून उजाडतो, पदं भरायला ऑगस्ट. म्हणजे ज्या महिन्यांत पाड्यावर माणूस हवा, त्याच महिन्यांत मुलाखती चालू असतात. पाहणी पावसानंतर होते, कारण तेव्हा रस्ते कोरडे असतात. देणगीदारांचे पाहुणे डिसेंबर-जानेवारीत येतात, हवा छान असते. फेब्रुवारीत शिल्लक निधीचा आकडा समोर येतो आणि मार्चअखेर प्रशिक्षणं, मेळावे, साहित्यवाटप यांची झुंबड उडते. नेमके तेव्हा पाडे रिकामे असतात. जी कुटुंबं सगळ्यांत अडचणीत, तीच गावात नसतात. त्यांच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो आणि ती त्या महिन्याच्या मोजणीतून गळतात. सगळ्यांत अशक्त मूल मोजलंच गेलं नाही तर टक्केवारी सुधारलेली दिसू शकते. कुणी खोटं लिहिलेलं नसतं. चुकीच्या महिन्यात खरं लिहिलेलं असतं, आणि त्याचा परिणाम तोच होतो.

आवणीच्या दिवसांतला अंगणवाडीतला वजनाचा दिवस जवळून पाहावा. बाहेर पावसाची धार, आत ओल्या कपड्यांचा वास, फरशीवर चिखलाची पावलं. सेविका मुलाच्या डाव्या दंडावर खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधली जागा शोधते, तिथे पट्टी गुंडाळते. खूण लाल पट्ट्यात थांबते, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली. म्हणजे तीव्र कुपोषित. आता इथे सगळे सरळ 'सॅम' म्हणतात. मुलाला कडेवर घेऊन आठ-नऊ वर्षांची बहीण आलेली असते.

"आई कुठंय गं?"

"आवणीला गेली."

पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायचं तर आईला मुलासोबत दोन आठवडे राहावं लागतं. बुडीत मजुरी मिळण्याची तरतूद आहे. पण आवणी चुकली तर वर्षाचा दाणा चुकतो, आणि घरी आणखी दोन मुलं असतात. आई नाही म्हणते. रजिस्टरमध्ये 'पालकांचा नकार' अशी नोंद होते. तीच नोंद तालुक्याच्या तक्त्यात, तिथून क्षेत्रीय कार्यालयाच्या अहवालात जाते आणि तिथे तिचं 'जनजागृतीचा अभाव' असं निदान होतं. पुढच्या वर्षीच्या प्रस्तावात जनजागृतीसाठी निधी मागितला जातो. पोस्टर छापले जातात. त्या आईला पोस्टरची गरज नव्हती. आवणीच्या पंधरा दिवसांत मुलांना सांभाळणारं पाळणाघर, पाड्यावरच दिवसातून पाच-सहा वेळा खाऊ घालणारं ग्राम बाल विकास केंद्र आणि वेळ पडली तर भरल्या ओहोळातून जव्हारच्या कुटीर रुग्णालयापर्यंत नेणारी गाडी, एवढं तिला हवं होतं. पाच ओळींचं हे म्हणणं चार कार्यालयं चढून वर जाताना हरवतं. ते हरवू न देणं हे क्षेत्रीय कार्यालयाचं पहिलं काम आहे.

बाहेरून आलेलं सगळं निरुपयोगी असतं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. दंडाची ती पट्टी आणि तिचा लाल रंग जगभरच्या अभ्यासातून आला आहे. 2005 मध्ये महाराष्ट्राने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केलं, त्यामागे युनिसेफचा भक्कम आधार होता. 2012 च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणातही युनिसेफचा हात होता, आणि दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण कमी होऊ शकतं हे त्यातून आकड्यांनी दिसलं. जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या मदतीने नाबार्डने आदिवासी भागात वाडीचा कार्यक्रम वाढवला. त्याची मूळ कल्पना 'बाएफ' या संस्थेने 1982 मध्ये गुजरातच्या वांसद्यात रुजवली होती. एकरभर जमिनीवर आंबा-काजूची कलमं, बांधावर इतर झाडं, मधल्या जागेत पिकं. जव्हार-मोखाड्यातही ती वाडी आली, आणि ज्यांच्या वाड्या धरल्या त्यांचं भट्टीवर जाणं कमी झालं.

पण वाडी का धरली हे नीट पाहिलं पाहिजे. आंब्याचं कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळाला येतं. तोवर कुटुंबाला उन्हाळ्यात गावात राहून झाडाला पाणी घालायचं असतं, म्हणजे त्या उन्हाळ्यांतही त्याच्या पोटाची सोय व्हावी लागते. ज्यांनी झाडाचं वर्ष ओळखून पैसा आखला, त्यांचं काम टिकलं. तीन वर्षांचा प्रकल्प कलम मोहोरण्याआधीच संपतो आणि शेवटच्या अहवालात फक्त 'लावलेली रोपं' मोजली जातात.

पालघर जिल्ह्याने जगाकडून घेतलं तसं देशाला दिलंही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे प्रयोग केले. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, गुरं राखायला गेलं असेल तर कुरणात न्यायची, हा त्यांचा विचार. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिच्या केंद्राचं 'अंगणवाडी' हे नाव याच मातीतलं. मुलाच्या दिवसाप्रमाणे सेवेची वेळ ठरवायची, ही शिकवण आपल्या जिल्ह्यात 80 वर्षांपूर्वीची आहे. क्षेत्रीय कार्यालयाने ती आपल्याच मुख्यालयाला सांगायला संकोच का करावा?

वीटभट्टीच्या बाबतीत तर क्षेत्रीय कार्यालयाकडे अशी एक ताकद आहे जी तालुक्याच्या कार्यालयाकडे नाही. मोखाड्याचा बालविकास प्रकल्प अधिकारी मोखाड्यापुरता. भिवंडीचा भिवंडीपुरता. मूल मात्र नोव्हेंबरात एका यादीतून निघतं आणि दुसऱ्या यादीत पोचेलच असं नसतं. राज्याने अलीकडे स्थलांतरितांच्या नोंदीसाठी संगणकीय व्यवस्था सुरू केली आहे, ती योग्यच आहे. पण नोंदीला हातपाय फुटायला माणसं लागतात. 'विधायक संसद' या संस्थेने नव्वदच्या दशकात वसई परिसरात भट्ट्यांवर मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवून दाखवल्या, म्हणजे सेवा कुटुंबामागून जाऊ शकते हे सिद्ध झालेलं आहे. ज्या संस्थेचा कारभार अनेक जिल्ह्यांत आणि अनेक देशांत पसरला आहे, तिला तालुक्याची शीव आडवी येण्याचं कारण नाही. तरीही अनेक प्रकल्प 'मोखाडा ब्लॉक' एवढ्याच चौकटीत बांधले जातात, कारण आकडे तसे मिळतात. पाड्यावर सुरू झालेली मुलाची काळजी भट्टीवर चालू राहिली आणि होळीला परतल्यावर पुन्हा पाड्यावर, तर त्याला क्षेत्रीय काम म्हणता येईल. त्याशिवाय 'क्षेत्रीय' हा शब्द फक्त पाटीवर राहतो.

आता पाण्याकडे वळू. मोखाड्यात पाऊस धो धो पडतो आणि एप्रिलमध्ये बाया झऱ्यातून वाटीने पाणी हंड्यात भरतात. याच तालुक्यात कोचाळ्याजवळ मुंबई महापालिकेचं मध्य वैतरणा धरण आहे. उंची 100 मीटरहून अधिक, क्षमता मुंबईला रोज 455 दशलक्ष लिटर पाणी देण्याची. 2014 मध्ये त्याचं लोकार्पण झालं. अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांची क्षेत्रीय कार्यालयं मुंबईत आहेत. तिथे बैठकीत टेबलावर जे पाणी ठेवलं जातं त्यात वैतरणेचा वाटा असतो. त्याच बैठकीत मोखाड्याच्या पाड्यासाठी दोन टाक्या मंजूर होतात. टाकी हवीच. तहानलेल्याला धोरणाचं भाषण पाजता येत नाही. पण टाकी बांधून झाल्यावर, या खोऱ्याच्या पाण्यात खोऱ्यातल्या माणसांचा हक्क किती, हा प्रश्न विचारण्याचं धाडस संस्थेत असायला हवं. कुपोषणाला आहाराच्या पाकिटाएवढं लहान करून टाकणं सोपं असतं, कारण पाकीट मोजता येतं. पाणी, जमीन, वेळेवर मिळणारी रोजगार हमीची मजुरी, वनहक्काचा दावा ही मुळं मोजायला अवघड आणि बोलायला जोखमीची असतात. कष्टकरी संघटना, श्रमजीवी संघटना यांनी या जिल्ह्यात ती जोखीम घेतली. बाहेरच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला मोर्चा काढता येणार नाही, हे समजण्यासारखं आहे. पण तिच्याकडे आकडे असतात. पाड्यावर टँकर किती दिवस आला नाही, मजुरी किती दिवसांनी खात्यात पडली, हे नोंदवून ते गावाच्या हातात देण्याला कोणता कायदा आड येतो?

आणि इथे हिशेबाचा मुद्दा येतो. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला मोठा अधिकार दिला. विकासाच्या योजनांना मान्यता द्यायची ग्रामसभेने, लाभार्थी ठरवायचे ग्रामसभेने, आणि पंचायतीने खर्च केलेल्या पैशाच्या विनियोगाचं प्रमाणपत्रही ग्रामसभेकडूनच घ्यायचं. महाराष्ट्राने 2014 मध्ये नियम केले, त्यांमुळे एखाद्या पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा मिळू शकते. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत. ही तरतूद पंचायतीसाठी आहे, खासगी संस्थेवर तिची सक्ती नाही. माझं म्हणणं आहे की संस्थेने ती स्वतःहून अंगावर घ्यावी. मुख्यालयाला जो लेखापरीक्षित हिशेब जातो, त्याला त्या त्या ग्रामसभेचं विनियोग प्रमाणपत्र जोडलेलं असावं. गावासाठी किती पैसा आला, त्यातला पाड्यावर किती खर्च झाला, पगार-प्रवास-कार्यालयावर किती, ठरलेलं काय झालं आणि काय राहिलं, हे मराठीत आणि गरज तिथे वारली-कातकरी बोलीत उभं राहून सांगावं. ग्रामसभेने प्रमाणपत्र नाकारलं तर तो नकार कारणांसह वर जावा.

यावर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला, गावात गटतट असतात, बोलणारे चार पुरुष असतात, बाया मागे बसतात, अंदाजपत्रक कुणाला कळणार? गटतट खरे आहेत. पण जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून ज्या गावच्या बायांना आरोग्यसेविका केलं, त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी गावाचं आरोग्य सांभाळलं आणि जग ते पाहायला जामखेडला आलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने 39 गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. तिथे नवजात मृत्युदर निम्म्याहून अधिक घटल्याचा निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने छापला आणि ती पद्धत पुढे देशाच्या आशा कार्यक्रमात गेली. ज्या बाया श्वास मोजून न्यूमोनिया ओळखतात त्यांना खर्चाचे चार रकाने कळणार नाहीत, हे मी मानायला तयार नाही. उचलीचा हिशेब तोंडपाठ ठेवणाऱ्या माणसांना हिशेब कळत नाही असं आपण समजतो, कारण आपण तो कधी त्यांच्यापुढे मांडलेला नसतो.

दुसरा आक्षेप असा, की हे सगळं शासनाचं काम आहे, संस्थेने त्यात पडून शासनाला मोकळीक देऊ नये. तत्त्व म्हणून हे मला मान्य आहे. डिसेंबर 2015 मध्ये सुरू झालेली डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक चौरस ताजं जेवण देते. कुठलीही संस्था एवढ्या पाड्यांवर एवढी ताटं वाढू शकणार नाही. म्हणूनच संस्थेने समांतर स्वयंपाकघर उघडू नये. ताट वाढलं जातं का, अंडं मिळतं का, सेविकेचं बिल अडकलं का, हे गावाने पाहावं आणि गावाच्या मागे संस्थेने उभं राहावं. ग्रामसभेपुढे हिशेब देणारी संस्था गावाला हिशेब मागायची सवय लावते. ती सवय लागली की उद्या गाव शासनालाही हिशेब मागेल. संस्था गेल्यावर मागे उरण्यासारखं याहून मोलाचं काही नाही.

तिसरा आक्षेप कार्यालयातून येतो: आमचे हात बांधलेले आहेत. यातही तथ्य आहे. परकीय देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये बदल झाला. एका संस्थेने परकीय निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. त्यामुळे मोठ्या संस्थेमार्फत तालुक्यातल्या लहान संस्थेला मिळणारा परदेशी पैसा थांबला. दुसरीकडे 2014 पासून कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी वाढला. तोही आर्थिक वर्षाला बांधलेला आणि फलकावर दिसणाऱ्या कामाकडे ओढ असलेला. या चिमट्यात पहिला बळी जातो तो स्थानिक कार्यकर्त्याचा. खोडाळ्याचा किंवा मोऱ्हांड्याचा जो तरुण प्रत्येक पाडा ओळखतो, ज्याला पाहून कातकरी आजी दार लावून घेत नाही, तो अकरा महिन्यांच्या करारावर असतो. प्रकल्प संपला की त्याचं ओळखपत्र संपतं. नव्या प्रकल्पात नवा समन्वयक शहरातून येतो आणि सगळं पहिल्यापासून विचारतो. गावाने किती वेळा तीच प्रश्नावली भरून द्यायची? हात बांधलेले असले तरी कार्यालयाच्या आत कोणाला किती पगार, कोणाला किती वर्षं, हे ठरवणं संस्थेच्याच हातात असतं. मोखाड्यातल्या माणसाला मोखाड्याच्या कामाचा प्रमुख करायला कुठल्या मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

म्हणून क्षेत्रीय कार्यालयात काम करणाऱ्यांकडे, विशेषतः या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींकडे, माझं मागणं स्पष्ट आहे. प्रकल्पाचं वर्ष जूनमध्ये सुरू करा, आणि तसं होत नसेल तर जून ते सप्टेंबरचा पैसा आणि माणसं मागच्या वर्षीच्या मंजुरीत बांधून घ्या. आवणीच्या दिवसांतलं पाळणाघर आणि भट्टीवरचा पाठपुरावा ही कामं प्रस्तावात पहिली लिहा. स्थलांतरित मुलांना गाळून काढलेली टक्केवारी वर पाठवू नका. ती मुलं किती आणि कुठे, हे पहिल्या पानावर लिहा. स्थानिक माणसाला किमान पाच वर्षांची नेमणूक द्या. आणि वर्षातून एकदा, दिवाळीआधी, माणसं गावात असताना, ग्रामसभेत उभं राहून हिशेब द्या.

यातल्या बहुतेक गोष्टींना जास्तीचा पैसा लागत नाही. लागतो तो मुख्यालयाशी वाद घालण्याचा धीर. क्षेत्रीय कार्यालय वरचा आदेश खाली पोचवण्यासाठीच ठेवायचं असेल तर तेवढ्यासाठी आता कार्यालयही लागत नाही, ई-मेल पुरतं. खालचं म्हणणं वर न्यायला मात्र माणूसच लागतो. 2011 च्या जनगणनेत मोखाडा तालुक्याची लोकसंख्या 83 हजारांच्या आसपास होती. एवढ्या लोकांच्या प्रत्येक पाड्याला नावानिशी ओळखणं एखाद्या संस्थेला अशक्य नाही. या लोकांचं दुःख जगाला सांगून निधी आणणाऱ्या प्रत्येक संस्थेवर त्या पैशाचं उत्तर याच लोकांना देण्याचं ऋण आहे, आणि ते मार्चअखेर भरलेल्या कुठल्याही तक्त्याने फिटत नाही.